खर्जाकडून सुरुवात

बाखच्या तिसऱ्या ऑर्केस्ट्रल स्वीटमधला, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या रचनामालेतला, ‘एअर’ सुरू होतो तेव्हा पहिलं व्हायोलिन एक स्वर धरतं आणि सोडतच नाही. पहिला बार, म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला पहिला खण, संपेपर्यंत तो एकच स्वर ताणलेला असतो. रचनेचा आधारस्वर षड्ज मानला तर हा गंधार. सहा-सात सेकंद, एकच गंधार. तरीही ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी घडतंय, काहीतरी पुढे सरकतंय.

घडतंय ते खाली. चेलो आणि डबल बास तेवढ्या वेळात आठ पावलं चालून जातात: षड्ज, निषाद, धैवत, पंचम, प्रत्येक स्वर दोनदा, एकदा एका सप्तकात आणि एकदा दुसऱ्यात. वरचा गंधार जागचा हललेला नाही, पण त्याच्याखालची जमीन बदलते आहे. षड्जावर तो निवांत गंधार असतो. बास, म्हणजे ही खालची ओळ, धैवतावर उतरला की तोच स्वर त्या धैवताचा पंचम होतो आणि त्याच्यावर एक हलकी सावली येते. स्वर तोच, अर्थ वेगळा. या सहा-सात सेकंदांत बरोक या जुन्या युरोपीय संगीताचं अर्धं मर्म आहे, आणि नव्या श्रोत्याला सर्वात आधी ऐकवायला हवं ते हेच, असं माझं ठाम मत आहे.

कारण आपला कान नेमका उलटा लागलेला असतो. चाल वर असते, शब्द वर असतात, म्हणून आपण वरचं ऐकतो आणि खालचं सगळं ‘साथ’ या एका शब्दात गुंडाळून ठेवतो. त्यातून आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय. खाली खर्ज स्थिर, वर गाणारा मोकळा. बरोकमध्ये पुष्कळदा याच्या उलट असतं. खर्ज चालतो, आणि त्याच्या चालण्यावर वरच्या सगळ्यांचं भवितव्य ठरतं. फक्त वरची चाल ऐकणाऱ्याला पाच मिनिटांनी हे संगीत गोड पण एकसुरी वाटू लागतं. खालची ओळ एकदा कानाला सापडली की त्याच पाच मिनिटांत त्याला वाकणं, वळणं, अडणं, सुटणं असं सगळं ऐकू येऊ लागतं. नव्या माणसाला रचनाकारांची नावं, सनावळ्या, वाद्यांची यादी यातलं काहीही आधी लागत नाही. त्याला एवढंच सांगायचं: खालून वर ऐका.

बरोक म्हणजे साधारण 1600 ते 1750 अशी ही दीडशे वर्षं. या काळातल्या बहुतेक रचनांमध्ये तळाशी एक सलग ओळ असते, तिला बासो कंटिन्यूओ म्हणतात. चेलो, व्हिओला द गांबा (गजाने वाजणारं तंतुवाद्य) किंवा ‘बसून’ हे फुंकवाद्य यांच्यापैकी कुणीतरी ती ओळ वाजवतं, आणि सोबत हार्पसिकॉर्ड (पियानोसारखं पट्ट्यांचं वाद्य), ऑर्गन किंवा थिओर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य) त्या ओळीवर स्वरसंघ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, भरतो. गंमत अशी की भरायचं काय हे लिहिलेलं नसतं. कागदावर फक्त बासचे स्वर आणि त्यांच्यावर किंवा खाली बारीक आकडे. आकडा नसेल तर त्या स्वरापासून तिसरा आणि पाचवा स्वर घ्यायचा. 6 असेल तर तिसरा आणि सहावा. 7 असेल तर सातवा जोडायचा. नुसतं तीव्राचं चिन्ह असेल तर तिसरा स्वर अर्ध्या स्वराने चढवायचा. हे स्वर कोणत्या सप्तकात घ्यायचे, एकदम दाबायचे की एकेक उलगडायचे, मध्ये कुठे लहानशी हरकत टाकायची, हे वाजवणाऱ्याच्या उपजेवर सोडलेलं. त्यामुळे एकाच रचनेची दोन ध्वनिमुद्रणं तळाशी कधीच सारखी नसतात. एकात ऑर्गनचा मऊ धूर असतो, दुसऱ्यात थिओर्बोच्या लांब तारांची घुमणारी छेड. नव्या श्रोत्याला दोन्ही ऐकवावीत, पण एका बैठकीत नको.

आता अडचण अशी की हे खालचं बहुतेकांना ऐकूच येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. लिंक पाठवली की समोरचा ती फोनच्या स्पीकरवर लावतो. फोनचा स्पीकर नखाएवढा, त्यातून 200 हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर पडत नाही. चेलोची सर्वात खालची तार सुमारे 65 हर्ट्झवर लावलेली असते, डबल बासची सुमारे 41 वर. म्हणजे ज्या पायावर ही सगळी इमारत उभी आहे तो पायाच गायब. कान हुशार असतो. तो वरच्या उपस्वरांवरून खालच्या स्वराचा अंदाज बांधतो, त्यामुळे चाल कळते. पण वजन जातं, आणि वजन गेलं की ‘एअर’मधली ती आठ पावलं मागे कुठेतरी चालणारी खुडबुड होऊन बसतात.

म्हणून रचना पाठवण्याच्या आधी एक वाक्य लिहावं: इयरफोन लावून ऐक. साधे, वायरचे, स्वस्तातले असले तरी चालतात. ‘बास बूस्ट’ चालू असेल तर तो मात्र बंद करायला सांगावं. हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात, कारण आपणच तर बास ऐका म्हणतोय. पण बूस्ट बहुधा अगदी तळाचा पट्टा फुगवतो, आणि बरोकमधली खालची ओळ फिरते ती मुख्यतः त्याच्या वर, 65 ते 300 हर्ट्झच्या आसपास. फुगवल्यावर ओळ स्पष्ट होत नाही, घुमारा वाढतो आणि एक स्वर दुसऱ्यात मिसळतो. दुसरी गोष्ट क्रॉसफेडची. एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळवणारी ही सोय पार्टीच्या गाण्यांसाठी ठीक, इथे ती शून्यावर असायला हवी. शफलही बंद. ‘एअर’ शोधताना नुसतं ‘बाख एअर’ असं टाकलं तर शंभर रूपांतरं समोर येतात, त्यामुळे सूचिक्रमांक द्यावा: बीडब्ल्यूव्ही 1068. बाखसाठी बीडब्ल्यूव्ही, व्हिवाल्डीसाठी आरव्ही, हँडेलसाठी एचडब्ल्यूव्ही. नावं भाषेगणिक बदलतात, क्रमांक बदलत नाही.

या ‘एअर’च्या बाबतीत तर क्रमांक फारच महत्त्वाचा. ‘एअर ऑन द जी स्ट्रिंग’ या नावाने जे प्रसिद्ध आहे ते मूळ रूप नव्हे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट विल्हेल्मी या व्हायोलिनवादकाने ते रूपांतर केलं. सगळी चाल व्हायोलिनच्या सर्वात खालच्या तारेवर बसावी म्हणून ती खूप खाली आणली. स्वर जाड आणि हळवा झाला, ऐकायला देखणाही वाटतो. पण मूळ रचनेत वरचं व्हायोलिन आणि चालता बास यांच्यात जे मोकळं आकाश आहे ते त्यात उरत नाही. वरचं खाली आल्यामुळे खालचं झाकलं जातं. नव्या माणसाला सुरुवातीला मूळच द्यावं.

‘एअर’नंतर पाखेलबेलचा कॅनन. हा इतका वाजून वाजून गुळगुळीत झालाय की जाणकार तो पाठवायला संकोचतात. संकोचू नये. खालून ऐकायला शिकण्यासाठी याच्याइतकी सोपी रचना दुसरी नाही. बासला फक्त आठ स्वर: सा, प, ध, ग, म, सा, म, प. सगळे शुद्ध, सगळे सारख्या लांबीचे. दोन बारमध्ये आवर्तन पूर्ण होतं आणि ते 28 वेळा येतं, जराही न बदलता. वर तीन व्हायोलिन. पहिलं जे वाजवतं तेच दुसरं दोन बार मागून वाजवतं, आणि तेच तिसरं आणखी दोन बार मागून.

ऐकण्याची रीत अशी. पहिल्यांदा वरचं काहीही ऐकायचं नाही. आठ स्वर मनात म्हणत राहायचं, हवं तर गुणगुणायचं. पाचव्या-सहाव्या आवर्तनाला मन वर पळतं, त्याला परत खाली आणायचं. दुसऱ्यांदा खालचे आठ स्वर पाठीशी चालू ठेवून पहिल्या व्हायोलिनचा हात धरायचा. तिसऱ्यांदा पहिल्याने काही नवं काढलं की ते लक्षात ठेवून दुसऱ्याची वाट पाहायची. ते येतं, हमखास येतं, आणि आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहण्यासारखं असतं.

फसतं कुठे? ध्वनिमुद्रण निवडण्यात. मोठा तंतुवाद्यवृंद, संथ लय, सहा-सात मिनिटांची लांबी असलं मुद्रण पाठवलं तर तीन व्हायोलिनच्या जागी पन्नास माणसांचा एक मऊ गालिचा ऐकू येतो, आणि कोण कुणाच्या मागून आलं हे ओळखणं जाणकारालाही जड जातं. मूळ रचना तीन व्हायोलिन आणि बास एवढ्यांसाठीच आहे. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर, प्रत्येक ओळीला एकच वादक असलेली मुद्रणं बहुधा तीन-चार मिनिटांत संपतात. डाव्या-उजव्या कानात व्हायोलिन वेगळी बसवलेली असतील तर आणखी उत्तम.

आता जिथे थोडं थांबावं लागतं त्या रचनेकडे.

हेन्री पर्सेलचा ‘डायडो अँड एनियस’ हा छोटेखानी ऑपेरा. त्याचा प्रयोग 1689च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सीत, मुलींच्या एका शाळेत झाला होता. कार्थेजची राणी डायडो, तिला सोडून निघालेला एनियस, आणि मरणापूर्वीचं तिचं शेवटचं गाणं. एवढी गोष्ट पुरे. गाणं सुरू होण्याआधी बास एकटा एक आवर्तन वाजवतो. वरच्या षड्जापासून तो उतरू लागतो: शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. एकही स्वर न गाळता, अर्ध्या अर्ध्या स्वराने. जिना उतरताना पुढची पायरी आहे की नाही हे पायाने चाचपावं तसा. मग कोमल गंधार, मध्यम, पंचम करत खालच्या षड्जावर टेकतो. पुन्हा वर जातो, पुन्हा उतरतो. संपूर्ण गाण्यात हे 11 वेळा होतं.

या आवर्तनाची लांबी पाच बार आहे. चार नाही, आठ नाही, पाच. कानाला चाराची अपेक्षा असते, म्हणून प्रत्येक वेळी किंचित तोल गेल्यासारखं वाटतं आणि का ते कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट गायिकेच्या ओळींची. समेची वाट पाहणारा आपला कान धरून चालतो की खालचं आवर्तन जिथे संपतं तिथेच वरची ओळही येऊन मिळेल. इथे बहुतेक वेळा मिळत नाही. बास षड्जावर टेकतो तेव्हा डायडोचं वाक्य अर्ध्यावर असतं. तिचं वाक्य संपतं तेव्हा बास पुढची उतरण लागलेला असतो. खालचा सूर तिच्यासाठी थांबत नाही. शब्द एकही कळला नाही तरी जे घडून चुकलंय ते परत फिरणार नाही हे त्या बासमुळे कळतं.

नंतर ती माझी आठवण ठेव असं म्हणते, आणि ते म्हणताना एकाच स्वरावर राहते. पुन्हा पुन्हा तोच स्वर. चाल अशी काही उरतच नाही. खाली उतरण चालू, वर एक हट्टी स्वर. ‘एअर’च्या पहिल्या बारमध्ये जे घडतं तेच हे, पण तिथे शांतता होती आणि इथे जीव चाललाय. मग ती तेच शब्द घेऊन उंच षड्जापर्यंत जाते, आणि गाणं संपल्यावर वाद्यं जो शेवट करतात त्यात वरची व्हायोलिनसुद्धा तशीच अर्ध्या अर्ध्या स्वराने उतरू लागतात. खालचं दुःख वर पसरतं.

हे पाठवताना कथा दोन ओळींत सांगावी, पाच बारची खूण सांगावी, आणि गाण्याच्या लगेच आधी येणारा छोटा संवादात्मक तुकडाही जोडून पाठवावा, कारण त्यातही गायिकेचा आवाज असाच घसरत खाली येतो. एकूण पाचेक मिनिटं. ‘1 मिनिट 40 सेकंदांना ऐक’ अशी सूचना मात्र टाळावी. ती त्याच मुद्रणापुरती खरी असते. समोरच्याच्या अ‍ॅपवर दुसरं मुद्रण उघडलं तर तो भलत्याच जागी काहीतरी शोधत बसतो. ‘बास पाचव्यांदा उतरायला लागला की’ असं सांगितलेलं कुठल्याही मुद्रणात लागू पडतं.

ज्याला हे भावलं त्याला पुढे मोन्तेव्हर्दीच्या माद्रिगालांच्या, म्हणजे अनेक आवाजांच्या गाण्यांच्या, आठव्या संग्रहातला, 1638चा, ‘लामेंतो देल्ला निंफा’ म्हणजे अप्सरेचा विलाप द्यावा. तिथे उतरण फक्त चार स्वरांची: सा, कोमल नी, कोमल ध, प. तिघे पुरुष बाजूला उभे राहून हळहळतात आणि अप्सरा स्वतःच्या लयीत गाते. चार स्वरांवर इतकं गाणं उभं राहतं हे ऐकल्यावर पर्सेलच्या हातात काय आलं होतं आणि त्याने त्यात काय वाढवलं हेही उमगतं.

या टप्प्यावर बहुतेकांची एक तक्रार येते: तो मागचा टणटणाट. हार्पसिकॉर्ड. तक्रार खरी आहे आणि तिला कारणही आहे. पियानोत हातोडी तारेवर पडते, हार्पसिकॉर्डमध्ये पिसाच्या देठाची किंवा प्लास्टिकची बारीक नखी तार छेडते. पट्टी जोरात दाबली काय नि हळू दाबली काय, आवाज जवळजवळ तेवढाच. शिवाय त्यात वरचे उपस्वर भरपूर, त्यामुळे सतत एकाच पातळीवरचा चकचकीत आवाज कानावर आदळत राहतो आणि कान थकतो. उपाय साधा आहे: आवाज कमी करा. खऱ्या खोलीत हार्पसिकॉर्ड हे हळुवार बोलणारं वाद्य. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन जवळ असतो आणि पातळी पियानोइतकी वाढवलेली असते. नेहमीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने आवाज उतरवला की टणटणाट विरघळतो आणि वादकाची खरी कारागिरी कानी येते. जोर देता येत नाही म्हणून तो वेळेशी खेळतो. महत्त्वाच्या स्वराआधी कणभर थांबतो, स्वरसंघ एकदम न दाबता पसरतो.

तरीही नको वाटत असेल तर आग्रह धरू नये. थिओर्बो किंवा ऑर्गनच्या कंटिन्यूओची मुद्रणं द्यावीत. मग काही दिवसांनी फ्रांस्वा कूपराँची 1717 मधली ‘ले बारिकाद मिस्तेरिएज’ ही हार्पसिकॉर्डची छोटी रचना. ती पूर्णपणे वाद्याच्या मधल्या-खालच्या भागात वाजते. स्वर एकमेकांवर ओघळतात, मागचा सुटायच्या आत पुढचा येतो. हार्पसिकॉर्ड इतका उबदार असू शकतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

दुसरी तक्रार कीबोर्ड वाजवणाऱ्यांची. मुद्रणासोबत वाजवू जावं तर काहीच जुळत नाही, सगळं अर्धा स्वर खाली. यात बिघाड नाही. आजची सर्वसाधारण पट्टी 440 हर्ट्झच्या ए स्वरावर बसवलेली असते. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बहुतेक गट 415 धरतात, फ्रेंच संगीतासाठी कधी 392. बरोक काळात गावोगावी पट्टी वेगळी होती, 415 हा आजच्या वादकांनी सोयीसाठी केलेला ठराव आहे. कीबोर्ड अर्धा स्वर उतरवून घेतला की झालं.

खालून ऐकायची सवय लागली की मग व्हिवाल्डी. आधी नको, आणि त्यामागे कारण आहे. ‘फोर सीझन्स’ 1725 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापून आले तेव्हा प्रत्येक ऋतूसोबत एक सुनीत छापलेलं होतं आणि कुठल्या ओळीला काय वाजतं याच्या खुणाही होत्या. ‘वसंत’च्या मधल्या, संथ भागात एक मेंढपाळ झोपलाय. एकल व्हायोलिन म्हणजे त्याची झोप, इतर व्हायोलिन म्हणजे पानांची सळसळ, आणि व्हिओला, व्हायोलिनहून थोडं खालचं वाद्य, म्हणजे त्याचा भुंकणारा कुत्रा. लोक हे ऐकून हसतात, कुत्रा शोधतात, आणि तिथेच थांबतात. पण ज्याचा कान खाली लागलाय त्याला पहिल्या बारमध्येच खटकतं: जमीन कुठे गेली? या भागात चेलो नाही, डबल बास नाही, हार्पसिकॉर्ड नाही. व्हिवाल्डीने अख्खा कंटिन्यूओ गप्प केलाय. सर्वात खाली उरतो तो व्हिओला, म्हणजे कुत्रा. इतर सगळ्यांना अतिशय हळू वाजवायची सूचना, व्हिओलाला मात्र सतत जोरात आणि ओरबाडल्यासारखं वाजवायची. मेंढपाळ झोपलाय, सगळं हवेत तरंगतंय, आणि जमिनीवर फक्त राखणदार जागा आहे. बास नसणं हेसुद्धा बोलणंच, आणि ते ऐकू येण्यासाठी आधी बास असण्याची सवय लागते.

हँडेलच्या गाण्यांबद्दल थोडक्यात. 1711 साली लंडनला आलेल्या ‘रिनाल्डो’मधलं ‘लाश्या कियो पियांगा’ नव्यांना लगेच आवडतं, आणि लगेच प्रश्न येतो: तेच पुन्हा का गातात? दा कापो आरियाचा हा साचा आपल्याला खरं तर परका नाही. स्थायी, अंतरा, पुन्हा स्थायी. परत येताना गायिका तीच ओळ जशीच्या तशी गात नाही, तिच्यात हरकती-मुरक्या घालते, आणि त्या तिच्या स्वतःच्या असतात. म्हणून दुसऱ्या वेळचं ऐकण्यासाठी पहिल्या वेळचं नीट लक्षात राहायला हवं. या गाण्यात आणखी एक ऐकावं: शब्दांमधली शांतता. सुरुवातीचे तुकडे तुटक येतात, मध्ये विश्राम. रडणाऱ्याला सलग बोलता येत नाही तसं.

फ्यूगकडे, म्हणजे एकच चाल अनेक आवाज एकामागून एक उचलतात त्या रचनेकडे, वळताना लोक घाबरतात. बाखचा ऑर्गनसाठीचा जी मायनरमधला छोटा फ्यूग, बीडब्ल्यूव्ही 578, द्यावा. चार मिनिटांच्या आत-बाहेर. सुरुवातीला एकटा आवाज जी चाल वाजवतो तीच विषयवस्तू. ती पाठ होईपर्यंत फक्त पहिली वीस सेकंद पुन्हा पुन्हा ऐकावीत. मग पुढे जावं. चाल सर्वात वर सुरू होते, मग त्याखालचा आवाज ती घेतो, मग त्याखालचा, आणि चौथ्या खेपेला ती पायांच्या पट्ट्यांवर, तळात येते. अख्ख्या खोलीला पाया घातला जातो तो क्षण. इयरफोनशिवाय तो क्षण निम्मा वाया जातो. पुढे चाल कुठे कुठे डोकावते हे मोजत बसायची गरज नाही. खाली आली की ओळखायची, एवढं पहिल्या आठवड्याला भरपूर.

काय पाठवू नये याबद्दलही माझी मतं पक्की आहेत. बाखचा 1727 मधला ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हा उत्तुंग आहे, पण जवळजवळ तीन तासांचा. पहिल्याच दिवशी तो पाठवणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला समुद्रात सोडणं. वीस रचनांची यादीही नको. यादीतलं पहिलं ऐकलं जातं, बाकीचं ‘नंतर’वर पडतं. एक रचना, पाच मिनिटांच्या आतली, ऐकायची एकच खूण, आणि तीनदा ऐकण्याची विनंती. पुढची रचना उत्तर आल्यावरच.

आणि अभ्यासासाठी, झोपेसाठी म्हणून बनवलेल्या बरोक याद्या तर मुळीच नकोत. त्यांत वेगवेगळ्या कॉन्चेर्तोंमधले फक्त संथ भाग उचलून एकामागून एक लावलेले असतात. कॉन्चेर्तो जलद-संथ-जलद असा असतो, आणि संथ भाग पुष्कळदा मुद्दाम अर्ध्यावर, प्रश्नासारखा थांबतो, कारण उत्तर तिसऱ्या भागात आहे. यादीत उत्तर कधीच येत नाही. बाखच्या तिसऱ्या ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्तोत तर मधल्या भागात फक्त दोन स्वरसंघ लिहिलेले आहेत. शफलमध्ये ते काही सेकंदांचं तुटक कोडं होऊन समोर येतात. जागेवर ऐकले तर तोच श्वास असतो, दोन धावांमधला. याच याद्यांत ‘अल्बिनोनीचा अडाजियो’ही भेटतो. तो विसाव्या शतकातल्या रेमो जाझोत्तोने रचून 1958 मध्ये प्रसिद्ध केलेला आहे. कुणाला तो प्रिय असेल तर खुशाल असावा, फक्त बरोकचा नमुना म्हणून तो देऊ नये.

एक अपेक्षा आधीच बाजूला करावी लागते. पुढच्या काळातल्या सिंफनी ऐकलेल्यांना एकाच भागात वादळ, शांतता, विजय असं सगळं हवं असतं. बरोकचा एक भाग बहुतेक वेळा एकाच भावाला धरून राहतो. तो भाव बदलत नाही, खोल जातो. हे सांगितलं नाही तर लोक न येणाऱ्या वळणाची वाट पाहतात आणि कंटाळतात.

हे सगळं जमलं की बाखच्या चेलोच्या पहिल्या स्वीटमधला प्रिल्यूड, बीडब्ल्यूव्ही 1007. अडीच मिनिटं, एकच वाद्य, कंटिन्यूओ नाही, साथीला कुणी नाही. पहिल्या चार बारमध्ये चेलोची एक मोकळी तार आठ वेळा वाजते, प्रत्येक वेळी अगदी निमिषभर, आणि लगेच गज वरच्या तारांवर निघून जातो. मध्ये तळाला प्रत्यक्षात काहीच वाजत नसतं. नव्याने ऐकणाऱ्याला इथे सोळा सोळा स्वरांच्या लाटा ऐकू येतात. खालून ऐकायला शिकलेल्याला त्या लाटांखाली सलग धरलेला खर्ज ऐकू येतो, चेलोने कधीच न धरलेला. चार बार झाले की तो सरकू लागतो, भटकतो, आणि शेवटी स्वर अर्ध्या अर्ध्याने चढत चढत जातात तेव्हा कान वरच्या टोकाला लागलेला असतानाही खाली कुणाची तरी वाट पाहत असतो. शेवटच्या स्वरसंघात, सर्वात तळाला, तीच मोकळी तार पुन्हा वाजते.